झीटाचं मध्यंतर

जर्मनीहून आलेला पाहुणा आमच्याकडे सिनेमाला बसला की एकदा तरी दचकतोच. ऐन रंगात आलेला सिनेमा मध्येच थांबतो, दिवे लागतात, आणि आजूबाजूची माणसं काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं उठून कॉफीच्या रांगेत जाऊन उभी राहतात. पाहुण्याला वाटतं, मशीन बिघडलं, नाहीतर आग तरी लागली. बर्लिनचे एक गृहस्थ तर कोट चढवून जिन्यापर्यंत पोचले होते. त्यांना दंडाला धरून परत आणावं लागलं. "अहो, मध्यंतर आहे," असं सांगितल्यावर ते म्हणाले, "पण कशासाठी?"

आता याला काय सांगायचं? तुम्ही श्वास कशासाठी घेता, असं विचारल्यासारखंच ते. आमच्या ओबरमाट या डोंगरातल्या स्विस गावात या प्रश्नाचं उत्तर एकाच माणसाकडे होतं. झीटा इन्फांगरकडे. आणि ती ते कुणाला देत नसे.

आमचं थिएटर म्हणजे 'हरीण' नावाच्या खाणावळीचा वरचा मजला. खाली बिअर आणि बटाटे, वर सिनेमा. स्वयंपाकघराचा धूर बाहेर जाण्याची वाट नेमकी पडद्यामागून गेलेली, त्यामुळे सिनेमा कितीही गंभीर असो, नायिका अखेरचे श्वास मोजत असो, हॉलभर तळलेल्या कांद्याचा वास दरवळत असायचा. आमच्या वयाच्या लोकांना अजूनही घरात कांदा परतायला घेतला की उगाचच गहिवरून येतं.

झीटा वरच्या डोंगरातून खाली आली ती या खाणावळीत ताटं उचलायला. मालकाचे गुडघे गेले होते आणि हॉलकडे वर जाणारा जिना शिडीसारखा उभा. तेव्हा मालक म्हणाला, "पोरी, माझे पाय बरे होईपर्यंत जरा वर जाऊन मशीन बघत जा." त्याचे पाय काही बरे झाले नाहीत. झीटा वर गेली ती वरच राहिली. पुढे मालक वारला, गावानं सहकारी मंडळ काढून हॉल विकत घेतला, आणि खुर्च्या, पडदा, मशीन व झीटा असं सगळं एकदमच आमच्या ताब्यात आलं. पैकी झीटा आमच्या ताब्यात आली असं म्हणणं जरा धाडसाचं होतं.

बाई ठेंगणी, रुंद, निळा एप्रन, एप्रनच्या खिशात टॉर्च. बोलणं मोजकं. कुणी उशिरा आलं की टॉर्चचा झोत आधी त्याच्या तोंडावर मारायची, मग खुर्चीवर. त्या दोन झोतांच्या मध्ये जी शांतता असायची तिच्या धाकानं आमच्या गावातली निम्मी लग्नं वेळेवर लागली असतील.

जुन्या काळी मध्यंतराचा प्रश्नच नव्हता. रीळ संपलं की मध्यंतर. मग नवं मशीन आलं. त्याला रीळ नाही आणि स्वतःचं मतही नाही. सिनेमा कुठे थांबवायचा ते माणसानंच ठरवायचं. खाली शहरातल्या थिएटरात सिनेमाची लांबी निम्मी करतात आणि तिथे घाव घालतात. नायक "माझं तुझ्यावर" एवढं म्हणतो आणि दिवे लागतात. झीटा याला खाटीकखाना म्हणायची.

तिची पद्धत वेगळी. दर सोमवारी दुपारी ती रिकाम्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत विणकाम घेऊन बसे आणि आठवड्याचा सिनेमा एकटी पाही. पडद्यावर खून होवोत, लग्नं होवोत, सुया आपल्या चाललेल्या. आणि मग कुठेतरी, बहुधा फारसं काही घडत नसताना, सुया थांबायच्या. तीच जागा. तिथे मध्यंतर. डोंगरावरून गरम वारा सुटला की आमच्याकडे सगळ्यांचीच डोकी दुखतात, तर त्या दिवशी ती जागा जरा अलीकडे ओढायची. बाकी बदल नाही.

या कलेचं मूळ तिच्या संसारात होतं. तिचा नवरा बाल्झ गावचा बर्फ काढायचा नांगर चालवायचा. हिवाळाभर पहाटे, गाव उठायच्या आत, रस्ता मोकळा करायचा. त्यामुळे बाल्झ येई, पहिला अर्धा सिनेमा पाही आणि मध्यंतरात घरी जाऊन झोपे. लग्नापासून त्यानं हजारभर सिनेमे पाहिले असतील, पण शेवट एकाचाही नाही. दुसरा भाग झीटा सकाळी कॉफीबरोबर सांगायची. आणि सांगताना बिचारीच्या तोंडून कुणाला मारवत नसे. बुडालेले पोहून वर येत, सोडून गेलेल्या बायका स्टेशनावरून परत फिरत. बाल्झ गेला तो सिनेमा हा फार आनंदी प्रकार आहे या समजुतीतच गेला.

एकदा, फक्त एकदा, तिच्या तोंडून मध्यंतराचा नियम बाहेर पडला होता. माणूस गेल्यावर महिन्यानं आमच्याकडे चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना असते आणि मग कॉफी, ती बाल्झची होती तेव्हा. म्हणाली, "ज्याला घरी जायचंय त्याला जाता आलं पाहिजे, आणि ज्याला बसायचंय त्याला उठवत नाही असं वाटलं पाहिजे. दोन्ही एकाच जागी." मग तिनं कपबशा गोळा करायला घेतल्या.

मोठे सिनेमे शहरात लागतात. आमच्या वाट्याला छोटे येतात. स्वतःच्या हिमतीवर, उधारउसनवारी करून, चार मित्रांनी मिळून केलेले. दर शरद ऋतूत आमचा अशा सिनेमांचा एक आठवडा असतो. जर्मनीतल्या बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावाचा रखवालदार, जो कोरडा तलाव रोज झाडून काढतो. व्हिएन्नातल्या एकाच मजल्यावर समोरासमोर राहणाऱ्या दोन बहिणी, ज्या एकमेकींशी फक्त कुत्र्यामार्फत बोलतात. लाइपझिगमधला सीरियाहून आलेला न्हावी, जो गिऱ्हाइकांकडून तिथली गावठी बोली शिकून घेतो आणि शेवटी गिऱ्हाइकांपेक्षा गावठी होतो. टिरोलचा एक सुतार, जो स्वतःची शवपेटी आधीच करून ठेवतो आणि तोवर रिकामी कशाला म्हणून तिच्यात बटाटे भरतो. आम्ही सगळं पाहिलं. झीटाचा अभिप्राय प्रत्येकाला एका ओळीचा. "बहिणी ठीक. कुत्रा चांगला."

या सिनेमांचे दिग्दर्शक पाठीला पिशवी लावून पोस्टाच्या बसनं येत. हॉटेलात ठेवण्याची मंडळाची ऐपत नाही, म्हणून ते झीटाच्या माळ्यावरच्या खोलीत झोपत आणि तिच्या हातची मॅकरोनी खात. मॅकरोनी, बटाटा, भरपूर चीज, वर कुरकुरीत कांदा आणि बाजूला शिजवलेली सफरचंदं. बर्लिनची मुलं हल्ली चीज खात नाहीत. झीटाला हे पटायचं नाही. "आजारी आहेस का?" असं विचारून ती आणखी वाढायची.

सिनेमानंतर दिग्दर्शक पडद्यापुढे उभा राहून विचारतो, "काही प्रश्न?" आणि आमचं सगळं गाव आपापल्या बुटांकडे बघायला लागतं. पाहुण्याला वाटे, सिनेमा पडला. तसं नव्हतं. प्रश्न सगळे मध्यंतरात विचारून झालेले असत, उत्तरंही आपापसात देऊन झालेली असत, त्यावर एखादं भांडणही होऊन मिटलेलं असे. आता त्या बिचाऱ्याला कशाला त्रास द्यायचा? त्या तलाववाल्या दिग्दर्शकापुढे एकटा मेल्क आर्नोल्ड उठला. मेल्क म्हणजे वरच्या रूटी वस्तीला जाणारा दोरावरचा पाळणा चालवणारा. त्यानं विचारलं, "झाडूचा दांडा बीचच्या लाकडाचा होता का ॲशच्या?" दिग्दर्शक म्हणाला, माहीत नाही. मेल्क म्हणाला, "ॲशच्या. दिसत होतं," आणि खाली बसला. गावाच्या मते चर्चा उत्तम झाली.

आता अन्निनाकडे येतो. अन्निना प्लान्त्सर आमच्या पोस्टमनची धाकटी मुलगी आणि झीटाची धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला हातात धरणाऱ्या बाईला आमच्याकडे गॉटी म्हणतात, आणि ते नातं आयुष्यभर निभवायचं असतं. अन्निना लहानपणी मशीनच्या खोलीत कोटांच्या ढिगावर झोपायची. पुढे झुरिकला सिनेमा शिकायला गेली, काळे कपडे घालायला लागली, आणि एका हिवाळ्यात कॅमेरा घेऊन परत आली. तो मेल्कच्या पाळण्याचा शेवटचा हिवाळा होता. रूटीवर आता एकटी म्हातारी सेराफीना उरली होती. ती खाली आली की पाळणा बंद व्हायचा. अन्निना अख्खा हिवाळा त्या पाळण्याच्या डब्यातून वर-खाली करत राहिली. डब्यावर पाटी आहे, 'पाच माणसं किंवा एक वासरू', तेच तिनं सिनेमाचं नाव ठेवलं.

सिनेमा झुरिकला गाजला. मग घरी दाखवायचं ठरलं. ती आली तेव्हा मी झीटाच्या स्वयंपाकघरात होतो. मंडळाचा चिटणीस म्हणून भित्तिपत्रकं न्यायला गेलो होतो आणि वास आला म्हणून बसलो होतो.

"गॉटी, एक मागू?"

"माग. मॅकरोनी सोडून. ती यानं संपवली," झीटा माझ्याकडे न बघता म्हणाली.

"माझ्या पिक्चरला मध्यंतर नको."

झीटा कांदा चिरत होती. सुरी थांबली नाही.

"ही चेष्टा नाहीये, गॉटी. दोन वर्षं कापत बसलेय मी तो. एका दमात गेला पाहिजे. मध्ये दिवे लागले की गेला सगळा. झुरिकला तर टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता होती."

"झुरिकचे लोक टाचण्या घेऊन येतात सिनेमाला?"

"गॉटी!"

"बरं. नाही देत मध्यंतर."

"शब्द?"

"शब्द. मी बटणाला हात लावणार नाही."

अन्निनानं चिरलेला कांदा ताटलीत ओढला. मग हळूच म्हणाली, "रागावलीस?"

"कांदा आहे," झीटा म्हणाली.

गोष्ट एवढ्यावर मिटली असती. पण आमच्या मंडळाचे अध्यक्ष त्रुट्टमान, औषधांच्या दुकानाचे मालक, यांना बऱ्याच दिवसांपासून हेच हवं होतं. माणूस वाईट नाही, फक्त नीटनेटका आहे. सभेत म्हणाले, "हे बघ, झीटा, सिनेमे पाठवणारेही आता हेच म्हणतात, नवे दिग्दर्शकही हेच म्हणतात. मध्यंतर जगातून गेलं. अन्निनाचा खेळ मध्यंतराशिवाय सुरळीत पार पडला, तर पुढच्या महिन्यापासून सगळ्याच सिनेमांचं बंद करू. रविवारचा दुपारचा खेळ लवकर सुटेल, लोकांना गाई वेळेवर पिळता येतील."

गाईंचं नाव काढल्यावर विरोध करायला कुणाची जीभ उचलेना. सगळ्यांनी झीटाकडे पाहिलं.

"सुरळीत पार पडला तर," ती म्हणाली. बाकी काही नाही.

म्हणजे अन्निनाच्या खेळाच्या त्या एका रविवारावर सगळं येऊन ठेपलं. खेळ नीट झाला की झीटाचं मध्यंतर संपलं. आणि खेळ बिघडवणं तर तिच्या एका बोटाचं काम. सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. मेल्क खिडकीतून डोकावून म्हणाला, "फ्यूज उडव की! माझ्या पाळण्याचा उडायचा तसा. कुणाला कळतंय?" झीटानं त्याच्या तोंडावर खिडकी लावली आणि आठवडाभर त्याला ओळख दाखवली नाही.

सोमवारी तिनं नेहमीप्रमाणे सिनेमा पाहिला. अन्निना मागच्या रांगेत येऊन बसली, सिनेमाकडे न बघता गॉटीच्या कोपरांकडे बघत. सुया चालल्या होत्या, चालल्या होत्या. मग एके जागी थांबल्या. अन्निना खुर्चीतून पुढे झुकली.

"कुठे थांबलीस? कुठल्या जागी?"

"टाका सुटला," झीटा म्हणाली.

"खोटं बोलतेस."

"मध्यंतर नाहीये ना? मग जागा विचारून काय करणार? पिक्चर चांगला आहे. बापाला कोट नवा घ्यायला सांग, पडद्यावर फार जुना दिसतो."

रविवार उजाडला. झीटानं कॉफीचं मोठं भांडं पालथं घालून ठेवलं. दर रविवारी भाजायची ती अक्रोडाची चंद्रकोरीसारखी बिस्किटंही भाजली नाहीत. लोकांचं मन चळू नये, म्हणून. आजवर तो हॉल कॉफीच्या वासाशिवाय कुणी पाहिला नव्हता. नुसत्या कांद्याच्या वासात तो बापुडवाणा वाटत होता. गाव मात्र झाडून आलं होतं. प्रार्थना, जेवण उरकून, चांगल्या कपड्यांत. बायकांच्या पिशव्या त्या दिवशी जरा गरोदर दिसत होत्या, पुरुषांचे कोट एका बाजूला लोंबत होते. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण माझ्याही कोटाची एक बाजू लोंबत होती, त्यामुळे मी फार खोलात शिरलो नाही.

मी शेवटच्या रांगेत, मशीनच्या खोलीच्या दाराशी. माझ्या शेजारी अन्निना, मफलरचं टोक दातांत धरून. आत झीटा, दोन्ही हात मांडीवर.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटाला कुणीतरी ओरडलं, "ते आमचं कुंपण!"

झुरिकची टाचणी इथे पडली असती तर सापडली नसती. लोक पडद्याशी गप्पा मारत होते. आमची बोली जर्मनांना कळत नाही म्हणून खाली शुद्ध पुस्तकी भाषेत अक्षरं उमटत होती. पडद्यावरचा मेल्क दोरीच्या चाकाला आणि चाक बनवणाऱ्याच्या खानदानाला लांबलचक शिव्या देई, आणि खाली अक्षरं येत, 'आज यंत्र साथ देत नाही.' त्यावर हॉल हसून असा कोसळला की खालून खाणावळीचा नवा मालक काय झालं बघायला वर आला आणि वरच राहिला. खुर्चीतला मेल्क मागे वळून म्हणाला, "अन्निना, मी असं म्हटलं नव्हतं हं!"

"हे हसण्यासारखं नाहीये," अन्निना माझ्या कानाशी कुजबुजली. "झुरिकला इथे कुणी हसलं नव्हतं."

"झुरिकला मेल्क कुणाच्या ओळखीचा नव्हता," मी म्हणालो.

तासाभरानं धुक्याचा प्रसंग आला. फेब्रुवारीची सकाळ. मेल्क रिकामा डबा घेऊन रूटीवर जातोय, सेराफीनाला कायमचं खाली आणायला. डबा धुक्यात शिरतो आणि पडदा पांढरा होतो. नुसता पांढरा. चाकांचा कुरकुर आवाज आणि धुकं. धुकं हलत नाही, काही दिसत नाही, काही होत नाही. अन्निनानं ते तसंच ठेवलं होतं, बराच वेळ. या धुक्यासाठी ती महिनाभर रोज डब्यात बसली होती. शहरातल्या वर्तमानपत्रांनी त्याबद्दल अर्धा-अर्धा रकाना लिहिला होता.

आमच्या गावानं ते धुकं थोडा वेळ सभ्यपणे पाहिलं. मग मेल्क उभा राहिला. आयुष्यभर तो त्या धुक्यात अडकत आलेला माणूस. तो हॉलकडे तोंड करून, जाणकाराच्या आवाजात म्हणाला, "हे चालणार अजून. मला माहीत आहे, आत मीच आहे. चला, तोवर कॉफी घेऊन घ्या."

आणि सगळा हॉल उठला.

दिवे नाहीत, काही नाही. अंधारात, चालू सिनेमात. खुर्च्या खटाखट दुमडल्या. थर्मासची झाकणं फिरल्याचे आवाज आले. कुणी सॉसेजचा कागद सोडला. संडासाच्या दाराशी रांग लागली. पडद्यावरच्या पांढऱ्या उजेडात माणसांच्या सावल्या कप हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि गप्पा सुरू झाल्या. इतक्या वर्षांत झीटानं त्यांना शिकवलं होतं की फारसं काही घडत नसेल तिथे उठायचं. ते शहाण्या मुलांसारखे उठले होते.

अन्निना जागच्या जागी पांढरी पडली. मग एका उडीत मशीनच्या खोलीत.

"गॉटी! थांबव!"

"काय?"

"पिक्चर थांबव! धुकं संपलं की सेराफीना येते! सगळा पिक्चर तिच्यासाठी आहे, आणि ते सॉसेज खातायत!"

"मी शब्द दिलाय," झीटा म्हणाली. हात मांडीवरच.

"मी परत घेते तुझा शब्द!"

"शब्द माझा आहे. तू कसा परत घेणार?"

"गॉटी, हात जोडते. संपत आलं धुकं!"

मी दारात उभा होतो. झीटाच्या तोंडाकडे पाहिलं. तिला आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. अख्खं गाव तिच्या बाजूनं उठलं होतं, त्रुट्टमानचा बेत पार बुडाला होता, आणि तिनं बोटही हलवलं नव्हतं. पण तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. पोरगी पहिल्यांदा सायकलवर बसली की मागे धरणारा माणूस जसा बघतो, तशी ती अन्निनाकडे बघत होती.

"तुला दोन हात आहेत," ती म्हणाली.

"कुठलं बटण?"

"मोठं. आधी दिवे, हळूहळू. मग बटण. उलटं केलंस तर लोक धडपडतात."

अन्निनानं दिव्यांची कळ फिरवली, जराशी घाईनंच, आणि बटण दाबलं. पडद्यावर धुकं होतं तिथेच थांबलं.

उजेडात अख्खं खोरं रंगेहाथ सापडलं. प्रत्येकाच्या हातात घरून आणलेला कप. पोस्टमनच्या मांडीवर केक होता. आणि मधल्या वाटेत, चांदीच्या झाकणाचा थर्मास तिरका धरून, अध्यक्ष त्रुट्टमान स्वतःला कॉफी ओतून घेत होते. दिवे लागल्यावर त्यांनी ओतणं थांबवलं नाही. सांडली असती. पुढच्या सभेत तो विषय त्यांनी मांडलाच नाही, आणि दुसऱ्या कुणी काढायचा प्रश्नच नव्हता.

"आता?" अन्निना म्हणाली. "परत कधी चालू करायचं? किती वेळ?"

"घड्याळ नको बघूस. ऐक."

आम्ही तिघं दारात उभे राहून ऐकायला लागलो. खाली गाईंबद्दल चाललं होतं. कुणाची आटली, कुणाची व्यायली, खालच्या गावातल्या डॉक्टरनं कुणाच्या गाईला चुकीचं इंजेक्शन दिलं.

"अजून गाईच आहेत," झीटा म्हणाली. "गाई संपू देत."

गाई संपल्या. मग सिनेमा आला. पोस्टमनचा कोट आला, शिव्या आणि त्यांची पुस्तकी भाषांतरं आली, पुन्हा हसणं झालं. मग मेल्क, सॉसेजचा शेवटचा तुकडा संपवून, धुक्याकडे मान करून म्हणाला, "त्या दिवशी मी वर पोचलो तर ही बाई डब्यात बसायलाच तयार नाही. म्हणाली, आधी कोंबड्यांना सांगून येते."

कुणी हसलं नाही. सेराफीना खाली आली होती ती सरोवराकाठच्या वृद्धाश्रमात, आणि वसंत लागता लागता तिथेच गेली. अंत्ययात्रेला बर्फ वितळून चिखल झाला होता म्हणून निम्मं गाव जाऊ शकलं नव्हतं.

"तिचं शेळीचं चीज," एक बाई म्हणाली. "तसं पुन्हा नाही खाल्लं."

"माझ्या बापाला तिनं नाचात नाही म्हटलं होतं," पोस्टमन म्हणाला. "नाहीतर मी रूटीवर जन्मलो असतो."

"तिला एकदा भेटायला जायचं होतं मला आश्रमात," कुणीतरी म्हणालं, आणि वाक्य तिथेच राहिलं.

कप हळूहळू पिशव्यांत जायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. माणसं आपापल्या जागी बसत होती. बोलणं खाली खाली येत गेलं.

"आता," झीटा म्हणाली.

या खेपेला अन्निनानं दिवे हळू मंदावले. हॉल निमाला. बटण दाबलं. धुकं पुन्हा हलायला लागलं, फाटलं, आणि डबा वर उन्हात आला. खाली सगळं खोरं कापसासारखं पांढरं. मग डबा परत फिरला, आणि त्यात सेराफीना, मांडीवर मोठी कुंडी घट्ट धरून, डोंगराकडे तोंड करून, आपलं घर लहान होताना बघत बसलेली.

हॉलमध्ये कुणी "ते आमचं कुंपण" म्हटलं नाही. मेल्कनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. माझ्या पुढच्या रांगेत एक थर्मास हळूच गळून जमिनीवर पडला आणि ज्याचा होता त्यानं तो उचलला नाही.

अन्निना मशीनच्या खोलीत उंबऱ्यावर बसली होती. स्वतःचा सिनेमा ती किती वेळा पाहून चुकली असेल, पण आता नवा असल्यासारखा बघत होती. डोळे पुसून तिनं वर पाहिलं.

"गॉटी, सोमवारी सुया इथेच थांबल्या होत्या ना? हीच जागा होती?"

झीटानं पिशवीतून विणकाम काढलं आणि टाके मोजायला घेतले.

"जरा अलीकडे होती. डबा धुक्यात शिरायच्या आधी," ती म्हणाली. "तू उशीर केलास. पण पहिलंच होतं तुझं."